लाल तारीख कोणाची?

भिंतीवरच्या ‘कालनिर्णय’मध्ये तारीख लाल दिसली की शाळेत जाणारी मुलं खूश होतात, बँकेत काम करणारा काका खूश होतो, आणि कापडाच्या दुकानात काउंटरवर उभी राहणारी त्याच घरातली सून मात्र नेहमीसारखा डबा भरते. आदल्या दिवशी तिनं विचारलेलं असतं, ‘शेठ, उद्या सुट्टी ना?’ उत्तर ठरलेलं असतं, ‘ती सरकारी सुट्टी. आपण काय सरकारी आहोत का?’ उत्तर खरं वाटतं, म्हणून ती गप्प बसते. त्या उत्तरातला थोडा भाग खरा आहे, बराचसा नाही. कुठला भाग खरा हे माहीत नसल्यामुळे असंख्य माणसांची सुट्टी, किंवा त्या दिवसाचा दुप्पट पगार, वर्षानुवर्षं बुडत आला आहे.

आधी खरा भाग.

‘सरकारनं सुट्टी जाहीर केली, म्हणजे सगळ्यांना सुट्टी’

तसं नाही. महाराष्ट्र शासन दरवर्षी पुढच्या वर्षाच्या सार्वजनिक सुट्ट्यांची अधिसूचना काढतं. तिच्यात एका कायद्याचं नाव असतं, परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१. हा कायदा कामगारांचा नाही. हुंडी, वचनचिठ्ठी आणि चेकचा आहे. हुंडीची मुदत सुट्टीच्या दिवशी भरत असेल तर पैसे कधी द्यायचे, हा त्यातल्या कलम २५ चा प्रश्न. त्याचं उत्तर द्यायचं तर ‘सार्वजनिक सुट्टी’ म्हणजे कोणता दिवस हे आधी ठरवावं लागतं. तो दिवस जाहीर करण्याचा अधिकार केंद्राचा होता, १९५७ मध्ये तो राज्यांकडेही सोपवला गेला. आपण जिला ‘सरकारी सुट्ट्यांची यादी’ म्हणतो, तिचं मूळ हे इतकं व्यवहारी आहे. ती यादी राज्य सरकारची कार्यालयं आणि बँका यांना लागू होते. खासगी दुकान, कंपनी किंवा हॉटेल तिच्यामुळे आपोआप बंद होत नाही.

यादीतल्या सुट्ट्यासुद्धा सगळ्यांना सारख्या नसतात. १ एप्रिलची सुट्टी फक्त बँकांना, वर्षाचे हिशेब पुरे करण्यासाठी. भाऊबिजेची जादा सुट्टी राज्य शासनाच्या कार्यालयांना मिळते, बँकांना नाही. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका १ सप्टेंबर २०१५ पासून बंद असतात. राज्य शासनाचा पाच दिवसांचा आठवडा त्यानंतर, २९ फेब्रुवारी २०२० पासून आला. केंद्र सरकारच्या कार्यालयांची यादी आणखी वेगळी. एकाच घरातल्या तीन नोकरदारांच्या सुट्ट्या जुळत नाहीत त्या यामुळे.

न्यायालयानंही हे स्पष्ट सांगितलं आहे. दादरा आणि नगर हवेली २ ऑगस्ट १९५४ रोजी पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाली. तिथे या दिवसाची सार्वजनिक सुट्टी पुन्हा मिळावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली. जानेवारी २०२२ मध्ये ती फेटाळताना न्यायालयानं सांगितलं, की सार्वजनिक सुट्टी मिळणं हा कोणाचाही मूलभूत हक्क नाही. ती द्यायची की नाही हा सरकारच्या धोरणाचा प्रश्न आहे.

इथपर्यंत शेठचं बरोबर. गफलत होते ती पुढे.

‘खासगीत सुट्टीचा कायदाच नाही’

आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तीचे विनियमन) अधिनियम, २०१७. तो १९ डिसेंबर २०१७ पासून अमलात आला. सगळे त्याला ‘शॉप अ‍ॅक्ट’ म्हणतात आणि तो फक्त दुकानांचा समजतात. पण हॉटेल, मॉल, गोदाम, खासगी ऑफिस, हिंजवडीतली आयटी कंपनी, अशा सगळ्या प्रकारच्या आस्थापनांना तो लागू आहे. या कायद्यानं कामगाराला वर्षाला आठ सणावाराच्या भरपगारी सुट्ट्या दिल्या आहेत. चार ठरलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी मिळून, स्थानिक सोयीनुसार, वर्ष सुरू होण्याआधी ठरवायच्या.

मालकाला या आठांपैकी कोणत्याही दिवशी माणूस कामावर लागत असेल, तर तो बोलावू शकतो. पण मग त्या दिवसाचं दुप्पट वेतन द्यायचं आणि शिवाय बदली रजाही द्यायची. या दोन्ही गोष्टी द्यायच्या असतात, त्यातली एक निवडायची नसते. ‘पंधरा ऑगस्टला या, नंतर एक दिवस घ्या’ एवढ्यावर भागवणारा मालक कायद्याचं अर्धंच पाळतो. आणि ‘त्या दिवशी चहा-नाश्ता देतो की’ म्हणणारा काहीच पाळत नाही.

आठ या आकड्यानं आणखी एक घोटाळा केला आहे. याच कायद्यात वर्षाला आठ नैमित्तिक रजाही आहेत, ज्यांना आपण सीएल म्हणतो. दोन्हीकडे आठच, त्यामुळे दिवाळीचे दोन दिवस सीएलमध्ये मोजून टाकण्याची सवय कित्येक ऑफिसांत सर्रास दिसते. सणाच्या आठ सुट्ट्या वेगळ्या आणि सीएलचे आठ दिवस वेगळे. वर्षाला २४० दिवस काम भरल्यावर दर २० दिवसांमागे एक दिवस मिळणारी अर्जित रजा तिसरी. पगाराच्या चिठ्ठीवर या तिन्हींची बेरीज एका खान्यात दिसली, तर विचारायला हवं.

‘मी नवा आहे’, ‘मी कंत्राटी आहे’, ‘मी मॅनेजर आहे’

२४० दिवसांची अट अर्जित रजेला आहे, २६ जानेवारीला नाही. १० जानेवारीला रुजू झालेल्या मुलीलाही २६ तारखेची सुट्टी पगारासह मिळते. प्रोबेशन संपायची वाट बघावी लागत नाही.

कायद्यातली कामगाराची व्याख्या मी पुन्हा पुन्हा वाचली आहे, कारण लोक तिच्यात नसलेले शब्द तिच्यात घालतात. अंगमेहनतीचं, अकुशल, कुशल, तांत्रिक, परिचालनाचं किंवा कारकुनी काम मोबदल्यावर करणारी व्यक्ती, असा तिचा आशय आहे. शिकाऊ उमेदवार तेवढे वगळले आहेत. ‘कायम’ हा शब्द त्यात नाही. नियुक्तीपत्र नाही म्हणून हक्क नाही, असंही नाही. नोकरीच्या अटी तोंडी ठरल्या असल्या तरी चालतात.

व्यवस्थापकीय, देखरेखीच्या आणि गोपनीय स्वरूपाच्या पदांना कायद्यानं वगळलं आहे. पण कार्डावर ‘मॅनेजर’ छापल्यानं माणूस मॅनेजर होत नाही. कामगार कायद्यात पदाच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम पाहिलं जातं. दिवसभर कपड्यांच्या घड्या घालून बिलं करणारा ‘फ्लोअर मॅनेजर’ हा कामगारच. उलट, ज्याच्या हाताखाली खरोखर माणसं आहेत, जो त्यांच्या रजा मंजूर करतो, त्याला या कायद्याचं संरक्षण नाही. त्याच्या सुट्ट्या त्याच्या करारात शोधायच्या.

‘दुकान चालू आहे म्हणजे सुट्टी नाही’

दुकान आणि कामगार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१७ च्या कायद्यानं आस्थापना आठवड्याचे सातही दिवस उघडी ठेवायला मुभा दिली, पण प्रत्येक कामगाराला आठवड्यात सलग २४ तासांची सुट्टी द्यायला लावली. ती रविवारीच हवी असं नाही. मंगळवारी द्या, पण द्या.

रविवार आपल्या मनात इतका घट्ट बसला आहे त्यामागे मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, ‘दीनबंधु’ वृत्तपत्रातून लिहीत राहिले, आणि १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार वरून पडला नाही, मागून मिळाला, हे आज काउंटरमागे उभं राहणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

सण रविवारी आला तर सोमवारी सुट्टी मिळते, हाही एक समज. सरकारी यादीत तसं होत नाही. २६ जानेवारी २०२५ रविवारी आली आणि सरकारी नोकरांचीही ती सुट्टी रविवारातच विरली.

ज्यांच्यापर्यंत कायदा पोचत नाही

आता सगळ्यात कडवट भाग. २०१७ चा हा कायदा सुट्ट्यांच्या बाबतीत १० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू झाला. त्याआधीच्या १९४८ च्या मुंबई दुकाने कायद्याला माणसांच्या संख्येची अशी अट नव्हती. म्हणजे चार माणसांच्या किराणा दुकानातला मुलगा आधी कायद्याच्या आत होता, २०१७ नंतर बाहेर पडला. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ही मर्यादा १० वरून २० वर नेण्याचा निर्णय घेतला. छोट्या व्यापाऱ्यांना कागदपत्रांच्या जाचातून सोडवायचं, हा त्यामागचा युक्तिवाद. नोंदणी आणि रजिस्टरं कमी करण्याला माझा आक्षेप नाही. पण स्वातंत्र्यदिनाची सुट्टी म्हणजे कागदपत्रांचा जाच नव्हे. माणसं कमी म्हणून त्यांचा १५ ऑगस्टही कमी, हे मला चूक वाटतं.

घरकामाच्या मावशींची स्थिती याहून बिकट आहे. महाराष्ट्रात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण तो कल्याण योजनांचा. भरपगारी सणाची सुट्टी त्यात नाही. मोटारसायकलवरून जेवण पोचवणाऱ्यांना तर कंपन्या कामगार मानतच नाहीत, ‘भागीदार’ म्हणतात. दसऱ्याला ते घरी बसले, तर त्या दिवसाची कमाई शून्य.

कारखान्यांचं गणित निराळं. १९४८ चा कारखाने कायदा आठवड्याची सुट्टी आणि अर्जित रजा द्यायचा, राष्ट्रीय सणांबद्दल गप्प होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली आहे. केरळ आणि तमिळनाडूनं १९५८ मध्ये, कर्नाटकनं १९६३ मध्ये कारखान्यांसाठीही राष्ट्रीय आणि सणाच्या सुट्ट्यांचे स्वतंत्र कायदे केले, त्यामुळे बेळगावातल्या मराठी कामगाराला तो आधार आहे. महाराष्ट्रातल्या कारखान्यात मात्र सुट्ट्या ठरतात त्या स्थायी आदेशांतून, युनियनच्या करारातून आणि वर्षानुवर्षांच्या प्रथेतून. म्हणून ही प्रथा जपायची. चालत आलेली सुट्टी मालकाला मनात आलं म्हणून काढता येत नाही. रजा आणि सुट्ट्यांच्या अटी बदलायच्या तर कामगारांना २१ दिवसांची सूचना द्यावी लागते.

एक सुट्टी मात्र सगळ्यांची

मतदानाची. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मध्ये १९९६ साली घातलेलं कलम १३५ ब म्हणतं, की लोकसभा किंवा विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी कोणत्याही धंद्यात, व्यवसायात, उद्योगात वा आस्थापनेत काम करणाऱ्या मतदाराला भरपगारी सुट्टी द्यायचीच. इथे १० माणसांची अट नाही, २० ची नाही. रोजंदारीवरच्यालाही त्या दिवसाची मजुरी मिळायला हवी. अपवाद एकच: ज्याच्या गैरहजेरीनं धोका किंवा मोठं नुकसान होईल असं काम. चार माणसांच्या दुकानातला मुलगाही या दिवशी ताठ मानेनं सुट्टी मागू शकतो.

तुमच्या ऑफिसात किंवा दुकानात कायदा लागू होण्याइतकी माणसं असतील, तर यंदा डिसेंबर उजाडला की मालकाकडे दोन गोष्टी मागा: येत्या वर्षाच्या चार सुट्ट्या कोणत्या, आणि ती यादी लेखी. गणपती, दसरा, पाडवा, ईद, नाताळ, आंबेडकर जयंती, जे तुमच्यातल्या बहुतेकांना हवं ते एकत्र बसून ठरवा. एकेकट्यानं मागू नका. यादी भिंतीवर लावायला सांगा. ती नाकारली, किंवा सुट्टीच्या दिवशी बोलावून दुप्पट पगार दिला नाही, तर हजेरीचा आणि पगाराचा पुरावा घेऊन जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार करा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नका.