शेळीला लिंबू लागत नाही

शेळी, गाय, उंदीर ही मंडळी क जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतातच बनवतात. आपल्याला ते आवळा, पेरू, लिंबातून मिळवावं लागतं. फार काळ मिळालं नाही, तर हिरड्यांतून रक्त येतं, स्कर्व्ही होतो. हे जीवनसत्त्व बनवण्यातली शेवटची पायरी पार पाडणाऱ्या विकराचं जनुक, ‘गुलो’, आपल्या आठव्या गुणसूत्रावर आजही आहे. पण त्याचे काही भाग गळालेत आणि उरलेले बिघडलेत.

असे बिघाड होतच असतात. प्रत्येक बाळाच्या डीएनएमध्ये आईवडिलांत नसलेली साधारण साठ-सत्तर नवी उत्परिवर्तनं असतात. त्यांतली बहुतेक वडिलांकडून येतात आणि वडिलांच्या वयाबरोबर वाढतात. पुढे भारतात स्थायिक झालेल्या जे. बी. एस. हॉल्डेन यांनी हिमोफिलियाच्या अभ्यासातून पुरुषांच्या या वाढीव वाट्याकडे 1947 मध्येच लक्ष वेधलं होतं. डीएनएमधल्या सगळ्या जागाही सारख्या नाहीत. ‘सी’पाठोपाठ ‘जी’ हे अक्षर येतं, तिथे बदलाचा वेग कित्येक पटींनी जास्त असतो.

मग सगळीच जनुकं ‘गुलो’सारखी का मोडत नाहीत? डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो, त्या प्रथिनांपैकी एक हिस्टोन एच4. त्यात 102 अमिनो आम्लं असतात आणि गाय व वाटाणा यांच्यात फरक फक्त दोनांचा! उत्परिवर्तनं इथेही झाली, पण प्रथिन बिघडवणारी नैसर्गिक निवडीने गाळून टाकली. याचा पुरावा जनुकातच सापडतो. जीजीए, जीजीजी, जीजीसी, जीजीटी या चारही तीन-अक्षरी संकेतांचा अर्थ एकच अमिनो आम्ल, ग्लायसीन. त्यामुळे तिसरं अक्षर बदललं तरी प्रथिन तेच राहतं, आणि असे निरुपद्रवी बदल एच4च्या जनुकात भरपूर साचलेत.

म्हणून शास्त्रज्ञ प्रथिन बदलणाऱ्या आणि न बदलणाऱ्या फरकांच्या दरांचं गुणोत्तर काढतात. ते एकपेक्षा बरंच कमी असेल, तर जनुकावर निवडीचा कडक पहारा आहे. एकच्या आसपास असेल, तर पहारा उठलाय. एकपेक्षा जास्त असेल, तर बदलच फायद्याचा ठरतोय. रोगजंतू ओळखणाऱ्या काही प्रथिनांत हे दिसतं.

आपल्या पूर्वजांच्या फळापानांच्या आहारात क जीवनसत्त्व भरपूर असावं; त्यामुळे ‘गुलो’ मोडूनही काही अडलं नाही. असे ना नफा ना तोटा बदल निव्वळ योगायोगानेही पसरतात, हे मोतू किमुरा यांनी 1968 मध्ये मांडलं. गिनी पिगच्या वंशात हेच जनुक स्वतंत्रपणे निकामी झालं.

या हिशोबाचा उपयोग आता दवाखान्यापर्यंत पोचलाय. रुग्णाच्या जनुकात अनोळखी बदल सापडला, तर तेच अक्षर इतर सस्तन प्राण्यांत काय आहे, हे तपासलं जातं. उंदरापासून देवमाशापर्यंत ते जसंच्या तसं टिकलं असेल, तर त्या बदलावरचा संशय बळावतो.