संगणक बंद पडला तर हिशोबाचे काय?

दुकानातला संगणक सकाळी सुरू झाला नाही की मेकॅनिकच्या तोंडी पहिला शब्द येतो ‘फॉरमॅट’. विंडोज नव्याने चढते खरी. पण टॅली, प्रिंटर, बिलाचा नमुना हे सारे पुन्हा बसवण्यात दिवस जातात. गिऱ्हाईक तोवर थांबत नाही. यावर इलाज म्हणजे डिस्कची ‘इमेज’.

इमेज म्हणजे चार फाइलींची नक्कल नव्हे. आम्हा कापडवाल्यांच्या भाषेत, तुकडा न फाडता अख्खा तागा उचलणे. संगणक सुरू करणाऱ्या भागासकट सर्व काही, त्या दिवशी जसे होते तसे, बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरते. ते परत चढवायला वेगळी बचाव-डिस्क लागते. जी विंडोज स्वतःच उठत नाही ती स्वतःला काय सावरणार? क्लोनझिला हा मोफत प्रोग्राम सीडी किंवा पेनड्राइव्हवरून विंडोजशिवाय चालतो.

संगणक चालू करताना एफ 12 (कंपनीप्रमाणे एफ 9 किंवा एस्केप) दाबून पेनड्राइव्ह निवडावा, इमेज कोठे आहे ते दाखवावे आणि ‘रिस्टोअर डिस्क’ घ्यावे. पुढे कोणत्या डिस्कवर चढवायचे असे विचारले जाते. संगणकात दोन डिस्क असतील आणि चुकीची निवडली, तर तिच्यावरचे सगळे गेले. म्हणून डिस्कचे नाव व आकार आधीच कागदावर लिहून ठेवावा. नवी डिस्क जुनीपेक्षा लहान असू नये. 500 जीबीची इमेज 256 जीबीवर नेहमीच्या पद्धतीने चढत नाही, आत माल थोडा असला तरी.

आता खरी गोम. इमेज 1 एप्रिलची आणि आज 20 ऑगस्ट असेल, तर खतावणीही 1 एप्रिलला जाते! मधली उधारी, जमा, जीएसटीची बिले पुसली जातात. तेव्हा इमेज चढवण्यापूर्वी डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून टॅलीच्या डेटाचे फोल्डर काढून घ्यावे. मेकॅनिकलाही हे बजावून सांगावे, त्याला तुमच्या उधारीची फिकीर नसते. डिस्कच मेली असेल तर रोजचा वेगळा बॅकअप तेवढा कामी येतो.

बाहेरची डिस्क काम झाल्यावर काढून ठेवावी. मे 2017 मध्ये वॉनाक्राय व्हायरसने फाइलींना कुलूप घालून खंडणी मागितली, तेव्हा जोडलेल्या डिस्कही त्यातून सुटल्या नाहीत.

इमेज चढली की डेटा परत ठेवावा, टॅलीतला शेवटचा बिल नंबर छापील बिलाशी ताडून पाहावा आणि मगच नवे बिल फाडावे.