भाला : युद्धेतिहासातील स्थान आणि खेळांतील चित्रण

भाला हे लांब दांड्याच्या टोकाला धातूचे टोकदार पाते बसवलेले शस्त्र आहे. जगातील बहुतेक संस्कृतींमध्ये पायदळ व घोडदळ या दोहोंचे ते प्रमुख हत्यार होते. संगणकीय आणि पटावरील युद्धखेळांत मात्र त्याला तलवारीच्या तुलनेने गौण स्थान मिळते. प्रस्तुत लेख या तफावतीविषयी असून त्यातील उदाहरणे मुख्यतः महाराष्ट्रातील, विशेषतः नांदेड व लातूर परिसरातील आहेत. भालाफेक हा मैदानी खेळ या लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे.

रचना व प्रकार

मराठी घोडेस्वाराच्या भाल्याचा दांडा सामान्यतः बांबूचा असे. मानवेल जातीचा बांबू जवळजवळ भरीव, वजनाला हलका आणि धक्का सोसणारा असतो. महाराष्ट्राच्या कोरड्या पानझडी वनांत तो सर्वत्र वाढतो; नांदेड जिल्ह्यातील किनवट-माहूरच्या जंगलांतही बांबू आढळतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश घोडदळानेही भाल्यासाठी बांबूचाच दांडा स्वीकारला, यावरून त्याची गुणवत्ता ध्यानात यावी.

आखूड भाल्याला बरची म्हणत. संपूर्ण धातूची असते ती सांग. विटा हा खास मराठी प्रकार होय. त्याच्या दांड्याला दोरी बांधलेली असे. फेकलेला विटा दोरीने परत ओढून घेता येई, त्यामुळे एकदा फेकले की हत्यार गेले, ही फेकण्याच्या भाल्याची मोठी अडचण दूर होत असे.

युद्धातील उपयोग

भाल्याचे सामर्थ्य त्याच्या लांबीत आहे. तलवारीचा वार पोहोचण्यापूर्वीच भाल्याचे टोक शत्रूच्या छातीशी पोहोचते. मॅसिडोनियाच्या पायदळाचा सारिसा हा भाला सुमारे पाच-सहा मीटर लांब असे. जपानमध्येही सामान्य पायदळाच्या हाती यारी हा भालाच असे. दुसरे कारण अर्थकारणाचे आहे. तलवारीला दोन-अडीच फूट उत्तम पोलाद आणि निष्णात कारागीर लागतो. भाल्याला वीतभर लोखंड पुरते. दाटीवाटीने उभ्या असलेल्या फळीत तो थोड्या सरावाने चालवता येतो. घोड्यावरून तो पेलणे मात्र कठीण असून त्यासाठी दीर्घ अभ्यास लागे.

मराठी स्वार भाला आणि तलवार दोन्ही बाळगत असे. भाला मोडला किंवा शत्रू त्याच्या टोकाच्या आत शिरला, तर तलवार उपसावी लागे. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंच्या सैन्याने निजाम सलाबतजंगाच्या फौजेचा उदगीर-औसा परिसरात पराभव केला. हा प्रदेश आजच्या लातूर जिल्ह्यात येतो. या लढाईच्या वर्णनात इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याचा उल्लेख हमखास येतो आणि तो रास्तही आहे. पण त्या तोफांच्या जोडीने चालून गेलेल्या घोडदळाच्या हाती कोणती हत्यारे होती, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

तलवारीची प्रतिष्ठा

तलवार कमरेला लटकते, दरबारात मिरवता येते, इनाम म्हणून देता येते आणि पिढ्यान्‌पिढ्या देवघरात ठेवता येते. भाल्याचा दांडा कुजतो, उरते ते गंजलेले पाते. शिवाय भाला दरबारात दिसे तो भालदाराच्या हाती, म्हणजे सेवकाकडे.

लोकस्मृतीही याच वळणाने जाते. तुळजापूरच्या भवानीची मूर्ती त्रिशूळाने, म्हणजे लांब दांड्याच्याच शस्त्राने, महिषासुराचा वध करणारी आहे. घरोघरच्या चित्रांत मात्र ती शिवाजी महाराजांना तलवार देताना दिसते. दिवाळीच्या किल्ल्यावर भाला असतो तो दारावरच्या निनावी मावळ्याकडे. नायकाला तलवार आणि पहारेकऱ्याला भाला ही विभागणी संगणकाने शोधलेली नाही.

आधुनिक खेळांतील चित्रण

१९७४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाचा प्रभाव पुढील अनेक संगणकीय खेळांवर पडला. त्याच्या पाचव्या आवृत्तीत एका हाताने मारलेल्या भाल्याची इजा सहा बाजूंच्या फाशाने, तर लांब तलवारीची आठ बाजूंच्या फाशाने मोजतात. साध्या भाल्याला लांबीचा वेगळा लाभ नाही. म्हणजे ज्या गुणामुळे तो श्रेष्ठ ठरला, तोच गुण हिशेबात धरलेला नाही.

‘द एल्डर स्क्रोल्स’ मालिकेतील ‘मॉरोविंड’ (२००२) मध्ये भाला हे स्वतंत्र कौशल्य होते. ‘ऑब्लिव्हियन’ (२००६) आणि ‘स्कायरिम’ (२०११) यांच्या मूळ खेळांत ते उरले नाही. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ (१९९९) मध्ये भालाईत स्वस्त असून घोडदळाला भारी पडतो, हे इतिहासाशी जुळते. तरी खेळाडू त्याच्याकडे स्वस्त भरती म्हणूनच पाहतो.

याला तांत्रिक कारणेही आहेत. अशा खेळांत नायक बहुधा एकटा आणि अरुंद दालनांत लढतो. भाला शोभतो तो मोकळ्या मैदानात, फळीत किंवा घोड्यावर. तलवारीचे फिरते वार पडद्यावर उठून दिसतात, तर भाल्याची भोसक क्षणात संपते.

जुने खेळ व जिवंत परंपरा

प्रत्यक्ष शरीराने खेळायच्या खेळांत चित्र उलट होते. बोथाटी हा मराठ्यांचा अश्वारोहणाचा खेळ टोक बोथट केलेल्या भाल्यानेच खेळला जाई आणि त्यातून स्वार युद्धाला तयार होत. भरधाव घोड्यावरून जमिनीतील मेख भाल्याने उचलण्याचा खेळ लष्करात अद्याप टिकून आहे. कोल्हापूरच्या मर्दानी खेळांत विटा फिरवला जातो.

नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथे होळीच्या सुमारास निघणाऱ्या हल्लाबोल मिरवणुकीत निहंगांच्या हाती तलवारींसोबत भालेही असतात. १७०० साली लोहगडच्या वेढ्यात बचित्तरसिंगाने नागिनी बरच्याने हत्तीला माघारी फिरवले, अशी कथा शीख परंपरेत सांगतात. गुरुद्वारांसमोर उभ्या असणाऱ्या निशाण साहिबच्या शिखरावर खंडा किंवा भाल्याचे पाते बसवलेले असते.