द्वेषाची ध्वनिफीत आणि कलम १९

फेब्रुवारी २०२५ मध्ये कोल्हापूरचे इतिहास संशोधक इंद्रजित सावंत यांना एक फोन आला. ‘छावा’ चित्रपटाच्या निमित्ताने त्यांनी मांडलेला इतिहास फोन करणाऱ्याला झोंबला होता. शिवीगाळ, धमकी आणि शिवाजी महाराज व संभाजी महाराजांविषयी गलिच्छ बोल, असा सगळा मजकूर. सावंतांनी ते संभाषण जाहीर केले. नागपूरच्या प्रशांत कोरटकर यांच्यावर जुना राजवाडा पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. आवाज आपला नाही, असे त्यांचे म्हणणे. त्याचा निवाडा न्यायालय करील.

सावंतांनी केले ते योग्यच केले. अंधारात दिलेली धमकी चव्हाट्यावर आणणे हाच धमकावलेल्या माणसाचा पहिला बचाव असतो. प्रश्न आहे तो नंतरचा. वाहिन्यांनी तीच ध्वनिफीत पुन्हा पुन्हा वाजवली. पर्दाफाश करतो आहोत, हा आव. पण सावंतांनी मांडलेल्या इतिहासाला पुरावा काय, धमकी देण्याचे धाडस येते कुठून, याला किती मिनिटे मिळाली? महाराजांची बदनामी झाली म्हणून गळा काढायचा आणि तीच बदनामी घरोघरी पोहोचवायची, याला आम्ही पत्रकारिता म्हणत नाही.

तरीही ‘बंदी घाला’ ही आरोळी आम्हाला मान्य नाही. घटनेच्या कलम १९(२) मध्ये भाषणस्वातंत्र्यावर बंधन घालण्याची कारणे मोजून दिली आहेत. त्यात सार्वजनिक सुव्यवस्था आहे, अब्रुनुकसानी आहे, गुन्ह्यास चिथावणी आहे. ‘भावना दुखावणे’ हे कारण त्यात नाही! मूलभूत हक्क निरंकुश नसतात, हे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनीच सांगितले. पण ते बंधन कायद्याचे आणि वाजवी असले पाहिजे. धमकी हे मत नव्हे, म्हणून तिला कलम १९ चे कवच नाही. सावंतांचा इतिहास कुणाला न पटणे, ही मात्र वेगळी गोष्ट. ज्याला पटत नाही त्याने कागदपत्रे काढावीत आणि लिहावे.

ही रेघ पुसली की काय होते, हे कोल्हापूरने पाहिले आहे. जून २०२३ मध्ये काही पोरांनी मोबाईलवर आक्षेपार्ह स्टेटस ठेवले. प्रकरण पोलिसांकडे गेलेले असताना ७ जूनला बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, लाठीमार झाला, अश्रुधूर सोडला गेला, इंटरनेट बंद पडले. मूठभरांनी पाहिलेले स्टेटस गावभर झाले ते त्याचा बोभाटा करणाऱ्यांमुळे. द्वेषमूलक भाषणावर तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवा, असा सर्वोच्च न्यायालयाचा सर्व राज्यांना आदेश २८ एप्रिल २०२३ चा. त्याला तेव्हा चाळीस दिवसच झाले होते. आणि तत्कालीन गृहमंत्री मात्र औरंगजेबाच्या औलादींची भाषा करीत होते.

मार्च २०२५ मध्ये कोरटकर यांना कोल्हापूरच्या न्यायालयात आणले, तेव्हा एक वकील त्यांच्या अंगावर धावून गेला. लोकांनी वाहवा केली. आम्हीही काळा कोट घालतो, म्हणून सांगतो : आरोपीला न्यायालयात हात लावायचा नसतो, मग तो कितीही नकोसा असो. उद्या त्याच पिंजऱ्यात आमचा कार्यकर्ता उभा असेल आणि बाहेर जमाव दुसऱ्यांचा असेल.

आमच्या तोंडाला कुलूप घालण्याचा इतिहास जुना आहे. १९२० मध्ये ‘मूकनायक’ निघाला तेव्हा पैसे मोजूनही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही. मदत आली ती याच करवीरच्या शाहू महाराजांची. त्याच साली मार्चमध्ये कोल्हापूरजवळच्या माणगावात बाबासाहेब आणि महाराज एका व्यासपीठावर आले. बोलण्याची संधी किती महागात मिळते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी बंदीचे हत्यार सरकारच्या हाती देताना दहा वेळा विचार करावा.

‘शिवाजी कोण होता?’ लिहिणाऱ्या कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ रोजी याच शहरात गोळ्या झाडल्या गेल्या. चार दिवसांनी ते गेले. सावंतांना फोन आला त्या महिन्यात या खुनाला दहा वर्षे पुरी झाली होती आणि कोल्हापूरच्या न्यायालयात खटला अजून चालूच होता. त्या खटल्यातल्या साक्षी कोणत्या वाहिनीने दिवसभर ऐकवल्या?