उद्यमनगरातली एट हंड्रेड

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात लेथ सुरू व्हायच्या आधी सकाळी अर्धा-पाऊण तास शांतता असते. ज्या गाडीचं दुखणं कुणालाच सापडत नाही, ती मिस्त्री नेमकी त्या वेळी बघायला घेतात. शेजारचं बोअरिंग मशिन एकदा चालू झालं की कानाचं काम संपतं. मग हाताला आणि डोळ्यांना जेवढं कळेल तेवढंच.

मी गेलो त्या सकाळी शेडमध्ये पांढरी मारुती एट हंड्रेड उभी होती. १९९२चं मॉडेल. कागलकडच्या एका निवृत्त शिक्षिकेची गाडी, नवऱ्यानं घेतलेली. नवरा गेला, गाडी राहिली. बाजार, बँक, दवाखाना आणि महिन्यातून एकदा नृसिंहवाडी एवढाच तिचा प्रवास. दोन महिन्यांपासून ती सिग्नलला थांबली की थरथरायची आणि चढाला दम टाकायची. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये प्लग बदलून झाले, कॉइल बदलली, पेट्रोल पंप बदलला. बिल झालं सात हजार दोनशे, थरथर होती तशीच.

संपादकांनी मला विचारलं होतं ते साधं होतं. ज्या गाडीचं उत्पादन थांबून दहा वर्षं उलटून गेली ती अजून रस्त्यावर दिसते कशी, आणि तिला सांभाळायला खर्च किती येतो? एका सकाळीत उत्तर घेऊन परतायचं असं ठरवून गेलो आणि चार दिवस तिथंच राहिलो.

"बाई, चालू करा. ॲक्सिलेटर मारू नकासा," मिस्त्री म्हणाले. बॉनेट उघडलं आणि मिनिटभर त्यांनी कशालाही हात लावला नाही. मग एअर फिल्टरच्या झाकणावर तळवा ठेवला, डॉक्टर पोटावर ठेवतात तसा. "एक मरतंय," एवढंच बोलले. पक्कडीला कापड गुंडाळून प्लगची एक वायर उपसली, तर इंजिन बंद पडायच्या बेतात आलं. ती बसवून दुसरी काढली, पुन्हा तेच. तिसरी काढली आणि काहीच फरक पडला नाही. तिसरा सिलिंडर आधीपासून कामावरच नव्हता.

चार सिलिंडरच्या गाडीत एक मेला तर गाडी कुरकुरत का होईना, चालते. हिच्यात तीनच. एक गेला म्हणजे तिसरा हिस्सा ताकद गेली. म्हणून एट हंड्रेड आपलं दुखणं लपवू शकत नाही, आणि ऐकणाऱ्याला ते लवकर कळतं.

गाडीचा इतिहास बहुतेकांना तोंडपाठ आहे, त्यामुळे थोडक्यात. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या ग्राहकाच्या हातात चावी दिली. सुझुकीच्या जपानी छोट्या गाडीवरून घेतलेला आराखडा, ७९६ सीसीचं इंजिन, इंजिनही पुढं आणि ओढणारी चाकंही पुढचीच. १९८६मध्ये आकार बदलला आणि आज आपल्या डोळ्यांपुढं जी येते ती गाडी आली. २०१०च्या एप्रिलपासून प्रदूषणाच्या नव्या नियमांमुळे मुंबई-पुण्यासह तेरा शहरांत तिची विक्री थांबली, आणि १८ जानेवारी २०१४ला उत्पादनच बंद झालं. तोवर देशात २६ लाखांहून जास्त गाड्या विकल्या गेल्या होत्या. ही संख्याच तिचा खरा आधार आहे. हेच ७९६ सीसीचं इंजिन ओम्नीलाही होतं आणि ओम्नी २०१९पर्यंत बनत होती. त्यामुळे इंजिनाचे बरेचसे पार्ट आजही बाजारात मिळतात.

तिसऱ्या सिलिंडरपाशी परत येतो, कारण मला खरं गुंतवलं ते त्यानं.

प्लग नवा होता. वायर अदलाबदल करून पाहिली, दोष हलला नाही. डिस्ट्रिब्यूटरची कॅप उजेडात धरून पाहिली, तडा नव्हता. मग मिस्त्रींनी रोटर काढला. आत पॉइंट दिसला. कार्बोरेटरच्या जमान्यातल्या गाड्यांचा हा इवलासा तुकडा. मधल्या दांड्याला तीन उंचवटे असतात. दांडा फिरतो, प्रत्येक उंचवटा पॉइंटला ढकलून उघडतो, आणि उघडण्याच्या त्या क्षणाला कॉइलमधून ठिणगी सुटते. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर दांडा दीड हजार घेतो, म्हणजे पॉइंट सेकंदाला ७५ वेळा उघडतो आणि मिटतो. उघडल्यावर फट हवी अर्ध्या मिलीमीटरहून थोडी कमी. ती मोजायला फिलर गेज, पातळ पोलादी पात्यांचा पंखा.

पोऱ्यानं प्लग काढले आणि क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हळूहळू फिरवलं. पहिला उंचवटा वर आला, पातं सरकन आत गेलं. दुसऱ्यालाही तसंच. तिसऱ्या उंचवट्याला पातं अडलं. मिस्त्रींनी निम्म्या जाडीचं पातं घेतलं, तेही अडलं. पॉइंट जेमतेम उघडत होता.

"आता हे बघा," म्हणत त्यांनी माझं बोट धरून दांड्याच्या टोकावर ठेवलं आणि हलवायला सांगितलं. दांडा डगमगत होता. केसभर असेल, पण डगमगत होता. तीस वर्षं फिरून आतला बुश झिजला होता. दांडा एका अंगाला कलायचा, म्हणून एका उंचवट्याला फट कमी पडायची आणि त्याच सिलिंडरची ठिणगी अशक्त व्हायची. नवा पॉइंट घालून हे सुटलं नसतं, नवी कॉइल घालून तर नाहीच.

तेवढ्यात गल्लीतल्या लेथ चालू झाल्या. मिस्त्रींनी अख्खा डिस्ट्रिब्यूटर उतरवला, बसण्याच्या जागेवर पंचनं खूण केली, आणि आम्ही तो फडक्यात गुंडाळून चार दुकानं सोडून पलीकडं गेलो. तिथल्या कारागिरानं दांडा मायक्रोमीटरनं मोजला, गनमेटलचा तुकडा चकमध्ये धरला. पिवळ्या भुग्याच्या बारीक सळसळत्या धारा पडल्या आणि वीस मिनिटांत अंगठीपेक्षा थोडा उंच बुश तयार झाला. तो दाबून बसवला, तेल सोडलं, दांडा फिरवून पाहिला. आता बोटाला काहीच जाणवत नव्हतं.

बुश आणि लेथची मजुरी साडेतीनशे, पॉइंट दीडशे, मिस्त्रींचं काम सहाशे. अकराशे रुपये. दुपारी गाडी चालू केली तेव्हा बॉनेटवर ठेवलेल्या स्टीलच्या पेल्यातला चहा नुसता थरथरला, डुचमळला नाही.

या गाडीच्या खर्चाचं सगळं रहस्य मला त्या अकराशे आणि सात हजार दोनशेच्या फरकात दिसलं. पार्ट स्वस्त आहेत. महाग पडतं ते चुकलेलं निदान. पुढचे दिवस मी मिस्त्रींच्या वहीतली पानं चाळली, त्यात हीच गोष्ट पुन्हा पुन्हा भेटली. गाडी ट्रॅफिकमध्ये हिट होते, ही सर्वांत जास्त येणारी तक्रार. बहुतेकदा कारण असतं रेडिएटरचा पंखा चालू करणारा स्विच. तीन-चारशे रुपयांची वस्तू. तो मेला की पंखा फिरत नाही, काट्याकडं लक्ष नसेल तर पाणी उकळतं, ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, गॅस्केट फुटतं. मग हेड उतरवून मशिनवर फेसिंग, नवं गॅस्केट, मजुरी मिळून सहा ते आठ हजार. त्याही पुढं कुणी गाडी तशीच दामटली आणि तेलात पाणी गेलं, की रिंग-बेअरिंगसह हाफ इंजिनाचं काम निघतं. ते वीस हजारांच्या घरात. तीन पानांवर तीन वेगळ्या गाड्या होत्या आणि सुरुवात प्रत्येकीची त्या एका स्विचपाशी. क्लच प्लेटचा सेट मजुरीसह साडेतीन-चार हजार, कार्बोरेटर खोलून साफ करून किट घालायला हजार-बाराशे, पुढच्या सस्पेन्शनचे बुश आणि बॉल जॉइंट दोन-अडीच हजार. हे आकडे या एका शेडचे आहेत. मुंबई-पुण्यात मजुरी वाढते, तालुक्याच्या गावात कमी होते.

इथवर मी उत्साहात होतो. चौथ्या दिवशी तो उतरला.

बाई गाडी न्यायला आल्या होत्या. मिस्त्रींनी ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट सहज उचलली आणि स्क्रूड्रायव्हरची मूठ पत्र्यावर आपटली. टणक आवाज यायला हवा होता, आला पुठ्ठ्यासारखा. दुसऱ्या बाजूनं टोक लावलं तर ते आरपार गेलं. २०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा ही गाडी भावाच्या दारात शाहूपुरीत उभी होती, सीटपर्यंत पाण्यात. तेव्हा इंजिनाचं तेल बदललं, सीट उन्हात वाळवल्या, पण मॅटखालचा फोम ओला राहिला. गंज पत्र्याला आतून सहा वर्षं खात बसला. कोकणातल्या गाड्यांना पूर लागतच नाही, खारी हवा पुरते.

इंजिन कितीही वेळा उभं करता येतं. पत्र्याचं तसं नाही. या गाडीला वेगळी चासी नाही, तळाचा पत्रा आणि बाजूचे सिल हाच तिचा सांगाडा. वर लांबी भरून रंग मारला तर दिसायला छान होतं, अपघातात मात्र ते सिल काहीच धरून ठेवत नाही. सेकंडहँड एट हंड्रेड घेणाऱ्यानं इंजिनाचा आवाज नंतर ऐकावा, आधी मॅट उचलावी, असं मी आता भेटेल त्याला सांगतो. कुजका भाग कापून, नवा पत्रा वेल्ड करून, खालून अंडरकोट मारायला मिस्त्रींनी चौदा हजार सांगितले. ओळखीच्या एकानं बाईंना अख्ख्या गाडीचे पस्तीस हजार देऊ केले होते.

त्यात २०२७ला पासिंग आहे. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. त्याचे पूर्वी सहाशे रुपये लागायचे, एप्रिल २०२२पासून पाच हजार झाले, आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ऑगस्ट २०२५पासून दहा हजार. वर पर्यावरण कर आहे, विमा आहे. धूर ओकणाऱ्या गाड्या हटायला हव्यात, यात मला शंका नाही. पण महिन्याला दीडशे किलोमीटर फिरणारी, पीयूसी पास होणारी गाडी आणि रोज शंभर किलोमीटर धूर सोडत पळणारी गाडी एकाच वयाच्या म्हणून एकाच तराजूत घालणं मला पटत नाही.

पेट्रोलचाही प्रश्न आहे. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. ही गाडी त्यासाठी घडवलेली नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुनं रबर फुगवतं. जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागतील, हे पेट्रोलियम मंत्रालयानंही सांगितलं आहे. मिस्त्रींनी कार्बोरेटरचा फ्लोट चेंबर उघडून तळाला बसलेली पांढुरकी साय नखानं खरवडून दाखवली. आठ-आठ दिवस उभ्या राहणाऱ्या गाड्यांत ती जास्त दिसते, असं त्यांचं निरीक्षण. बाईंची गाडी तशीच उभी राहणारी. त्यांनी पेट्रोलच्या नळ्या बदलून दिल्या आणि आठवड्यातून दोनदा तरी गाडी काढायला बजावलं.

"मिस्त्री, खर्च करू का नको? खरं सांगा," बाईंनी विचारलं.

मिस्त्री बराच वेळ हात पुसत राहिले. "इंजिन माझ्याकडं आहे, बाई, त्याची काळजी न्हाई. पत्र्याचं मी सांगू शकत न्हाई. ते करणारा माणूस सांगंल."

तो माणूस म्हणजे टेंबलाईवाडीचा डेंटर. गॅस वेल्डिंगनं इतका पातळ पत्रा न जाळता जोडणारा, मिस्त्रींच्या माहितीतला शेवटचा. फोन लावला तर त्याच्या मुलानं उचलला. वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डोळ्याला पट्टी आहे, ज्योतीपुढं बसायला डॉक्टरांनी महिनाभर मनाई केलीय. मुलगा स्वतः हे काम करत नाही, तो एका शोरूमच्या वर्कशॉपमध्ये आहे आणि तिथं कुजलेला पत्रा जोडत नाहीत, अख्खा पॅनेल बदलतात. या गाडीचा तळाचा पॅनेल कुठं मिळतो का, हे बघून सांगतो म्हणाला.

बाई बसनं परत गेल्या. गाडी शेडमध्येच आहे, मॅट काढलेली. ड्रायव्हरच्या सीटवरून वाकून पाहिलं तर भोकातून खालची शहाबादी फरशी दिसते. मिस्त्री एक दिवसाआड ती चालू करतात, पाच मिनिटं तिन्ही सिलिंडर ऐकतात आणि बंद करतात.