नळी बसवली, पुढे काय?

एखाद्या तान्ह्या बाळाचं डोकं भराभर वाढू लागलं, की आमच्या शिळफाट्यावरच्या बायका म्हणतात, "डोक्यात पाणी झालंय." डॉक्टर त्याला हायड्रोसेफॅलस म्हणतात, पण आपल्या बायकांचं म्हणणंही काही चूक नाही. मेंदूत पाण्यासारखा एक द्रव सतत तयार होतो (मोठ्या माणसात दिवसाला जवळजवळ अर्धा लिटर!) आणि रक्तात शोषला जातो. त्याची वाट अडली की तो साठतो, मेंदूवर दाब येतो. मग कातडीखालून एक बारीक नळी मेंदूपासून पोटापर्यंत नेतात. मध्ये एक झडप असते. हाच शंट.

खोपोली लोकल पकडून परळच्या हॉस्पिटलचे हेलपाटे, योजनेचे कागद, ऑपरेशन. एवढं सगळं पार पडलं की घरच्यांना वाटतं, सुटलो एकदाचे! पण मैत्रिणींनो, नळीने हे दुखणं जात नाही, आटोक्यात राहतं. लहान मुलांत बऱ्याच नळ्या पहिल्या दोन वर्षांतच बिघडतात. कधी तुंबतात, कधी सरकतात, कधी जंतुसंसर्ग होतो. संसर्ग बहुधा पहिल्या काही महिन्यांतच होतो.

आमच्या जवळच्या चाळीतला चार वर्षांचा मुलगा. ऐन पावसाळ्यात त्याला उलट्या सुरू झाल्या. त्या दिवसांत उलट्या-जुलाब घरोघरी, त्यामुळे पोटाचं औषध आणलं. आजीने मीठ-मोहऱ्यांनी दृष्टही काढली. आईला मात्र चैन पडेना. "ताई, जुलाब नाहीत, ताप नाही. सकाळी उठला की डोकं धरतो, ओकतो आणि परत झोपतो. हे पोटाचं नाही." शाळा फारशी न शिकलेल्या त्या बाईने अचूक ओळखलं होतं. सासऱ्यांचा विरोध पत्करून ती त्याच दिवशी मुलाला घेऊन निघाली. नळी तुंबली होती. त्याच रात्री ती बदलली, मूल वाचलं.

नंतर तिने मला हळूच विचारलं, "सरकारी दवाखान्यातली स्वस्तातली नळी, म्हणून बंद पडली का हो?" या प्रश्नाने किती आया मनात कुढत असतील! उत्तर प्रदेशात शहाजहानपूरला बनणारा छाब्रा शंट परदेशी शंटच्या मानाने फारच स्वस्त पडतो. युगांडातल्या मुलांवर तो आणि एक महागडा परदेशी शंट ताडून पाहिले, तो अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतर दोघांत फरक आढळला नाही. नळ्या महागड्याही तुंबतात. पहिली चांगली चालणारी झडप १९५६ मध्ये अमेरिकेत जॉन होल्टर या तंत्रज्ञाने केली, तीही स्वतःच्या आजारी बाळासाठी धडपडून.

तेव्हा लक्ष ठेवायचं ते लक्षणांवर. तान्ह्या बाळाची टाळू फुगून ताठ होणं, डोळे खाली वळलेले राहणं, किंचाळल्यासारखं रडणं, दूध न पिणं. मोठ्या मुलाला सकाळची डोकेदुखी, उलट्या, गुंगी, एकाचे दोन दिसणं, चालताना तोल जाणं. कधी नुसतं अभ्यासातून मन उडतं, आणि आपण त्याला आळशी म्हणून मोकळ्या होतो! नळीच्या वाटेवर सूज, लाली, सोबत ताप किंवा पोटदुखी असेल तर संसर्गाची शंका घ्यायची. टाळू खूप खोल गेली, किंवा उभं राहिलं की डोकं दुखतं नि आडवं झालं की थांबतं, तर पाणी जास्त वाहून जात असेल. झडप दाबून बघायचा उद्योग मात्र कुणी सांगितला तरी घरी करू नका.

मूल गुंगीत गेलं तर सकाळच्या लोकलची वाट बघू नका, १०८ ला फोन करा. मेंदूचे सर्जन आणि सीटी स्कॅन दोन्ही असलेलं जवळचं हॉस्पिटल कोणतं, ते आधीच विचारून ठेवा. एका कागदावर नळी कधी बसवली, कोणत्या कंपनीची, कुठल्या हॉस्पिटलात हे लिहा. जुन्या स्कॅनची फिल्मही जपा, नव्याशी ताडून बघायला डॉक्टरांना ती लागते. त्या चाळीतल्या आईने तर कागदाच्या तीन झेरॉक्स काढल्यात. एक नवऱ्याच्या पाकिटात, एक माहेरी आणि एक अंगणवाडीच्या बाईंकडे.