मसाल्याच्या बाजारातले ओळखीचे शब्द

"ताई, मराठी घराबाहेर कुठे लागते?" मागच्या महिन्यात वर्गात हा प्रश्न आला आणि मला पटकन उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर ऑफिसात मलाही ती फारशी लागत नाही. माझी शाळा मराठी माध्यमाची, पण दिवसभर कॉम्प्युटरसमोर सगळं काम इंग्रजीत चालतं. तर उत्तर शोधायला आज आपण बाजारात जाऊ.

बर दुबईहून खाडी ओलांडायची. मेट्रोने नको, अब्रातून. अब्रा म्हणजे लाकडी नाव. अरबीत 'अबर' म्हणजे ओलांडणे, त्यावरून हे नाव पडलं. भाडं एक दिरहम, ते नावाड्याच्याच हातात द्यायचं. काही मिनिटांत पलीकडे देरा. तिथून रस्ता ओलांडला की डोळ्यांआधी नाकाला कळतं, बाजार आला!

हा मसाल्यांचा सूक. सूक म्हणजे बाजार. अरुंद गल्ल्या, वर छप्पर, दोन्ही बाजूंना दुकानं आणि दुकानांपुढे तोंड उघडून ठेवलेली पोती. हळद, वेलदोडे, दालचिनी, लवंग... आजीच्या मसाल्याच्या डब्यातलं बहुतेक सगळं इथे पोत्याने मिळतं. शिवाय वाळलेल्या गुलाबकळ्या, इराणी केशर, धुपासाठी लुबान. आणि लूमी! मिठाच्या पाण्यात उकळून उन्हात वाळवलेली ही लिंबं काळपट आणि टणक होतात. इथले लोक ती रश्शात आणि भातात घालतात. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, एवढ्या मोठ्या सुपाऱ्या कोण खातं?

तेव्हा मला दुबईत येऊन तीनच महिने झाले होते. मीटिंगमध्ये इंग्रजी बोलताना चूक होईल म्हणून मी गप्प बसायची. अरबी येत नव्हतं आणि माझं हिंदी कसं आहे ते तुम्ही ऐकलंच आहे. दुकानदार एका अरब आजोबांशी बोलत होता. मी नुसती ऐकत उभी होते. एकदम कानावर 'वज़न' आलं. मग 'हिसाब'. मग 'बाकी'. शेवटी आजोबा हात झटकून म्हणाले, "खलास!" अहो, हे तर आमच्या गावच्या आठवडी बाजारातले शब्द!

तुम्ही शाळेत अरबी शिकता, म्हणजे माझ्यापेक्षा तुम्हांला हे सोपं जाईल. आपलं 'दुकान' अरबीत 'दुक्कान' आहे. आपली 'रक्कम' म्हणजे तुमच्या अरबीच्या वहीतला 'रक़म', फक्त तिथे त्याचा अर्थ आकडा. किंमत, नफा, दलाल हेही शब्द मुळात अरबीच. ते मराठीत आले कसे? महाराष्ट्रात कितीतरी वर्षं सुलतानांचा कारभार फारसीत चालायचा. फारसीने अरबीतून घेतलेले शब्द त्या वाटेने आपल्याकडे आले. 'बाजार' मात्र थेट फारसीच. पुढे शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश तयार करवून घेतला आणि फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरी बाजारातल्या माणसाने आपला 'हिशेब' काही सोडला नाही. आणि गंमत बघा, 'मसाला' हा शब्दही मूळ अरबीतला, पण अरब लोक स्वतः मसाल्यांना 'बहारात' म्हणतात!

शब्द असे एका बाजूने आले, तर पैसा दुसऱ्या बाजूने गेला. १९६६ पर्यंत दुबईत भारताचा रुपया चालायचा. १९५९ पासून तर रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या होत्या. १९६६ मध्ये भारत सरकारने रुपयाची किंमत कमी केली, तेव्हा दुबईने तो सोडला. दिरहम आला १९७३ मध्ये. म्हणजे इथल्या एखाद्या म्हाताऱ्या व्यापाऱ्याने लहानपणी आपल्या रुपयानेच खाऊ घेतला असेल.

भाव करायला लाजू नका. पहिला भाव हा नुसता नमस्कार असतो असं समजा. आधी विचारा, "बिकम?" म्हणजे केवढ्याला? मग हसून थोडं कमी सांगा. केशर मात्र मोठं माणूस बरोबर असेल तरच घ्या, त्यात फसायला होतं. आणि जायचं तर संध्याकाळी. दुपारी बरीच दुकानं बंद असतात.

त्या दिवशी मला आमटीसाठी चिंच हवी होती. चिंचेला काय म्हणतात ते ठाऊक नव्हतं, म्हणून मी बोटाने दाखवली. दुकानदार म्हणाला, "तमर हिंदी." तमर म्हणजे खजूर. हिंदी म्हणजे हिंदुस्थानचा. आपली चिंच इथे हिंदुस्थानी खजूर झाली होती, आणि इंग्रजांनी त्याचंच पुढे 'टॅमरिंड' केलं. मी अर्धा किलो मागितली. दुकानदाराने तराजूत घातली, वजन सांगितलं, हिशेब केला आणि बाकीचे पैसे माझ्या हातावर ठेवले. या वेळी मला सगळं कळलं होतं.